चोरीला गेलेला वेग

१

शनिवारी सकाळी आमच्या ऑफिसातून वेग चोरीला गेला.

लॅपटॉप गेला असता तर पोलिसांत तरी जाता आलं असतं. वेग गेला म्हटल्यावर हवालदाराला काय सांगणार, कसा दिसतो, रंग कोणता?

शाहूपुरीत पंपाच्या एका दुकानावर आमचं ऑफिस आहे. भट्टीत, बॉयलरात, गुऱ्हाळाच्या चुलवाणात आग कशी वागेल हे आम्ही ती पेटवायच्या आधी संगणकावर बघतो. म्हणजे बाकीचे बघतात. मी, शहजाद मुजावर, त्यांनी जे बघितलं ते माणसांना कळेल अशा भाषेत अहवालात लिहितो. त्यामुळे ही हकिगत सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

आमचं काम थोडक्यात असं. भट्टीच्या आतली जागा संगणकावर बारक्या चौकोनांच्या जाळीत कापायची. जिथं ज्वाला आहे तिथं जाळी बारीक, जिथं नुसती हवा आहे तिथं जाडीभरडी. ज्वाला हलली की जाळीही तिच्यामागं आपोआप बारीक होत जाते. प्रत्येक चौकोनात काय जळतंय आणि त्यातून कोणता वायू तयार होतोय, हे क्षणाक्षणाला गणितानं काढायचं. जळत्या चौकोनाचं गणित थंड चौकोनापेक्षा कितीतरी जास्त वेळ खातं. म्हणून एका चुलवाणाचं उत्तर यायला पंधरवडा लागायचा, आणि तोवर गिऱ्हाईक आमच्या नावानं बोटं मोडायचं.

गेल्या वर्षी संघप्रिया शिंगे ही विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी आमच्याकडं लागली. मागच्या खोलीत यंत्रांची रांग आहे, तिथं प्रत्येक यंत्राला सारखेच चौकोन वाटून दिले जातात हे तिनं पाहिलं. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक वाढप्याला सारखीच पानं दिली आणि एकाच्या वाट्याला तालमीतले सगळे पैलवान आले तर जे होईल, तेच चाललं होतं. ज्या यंत्राच्या वाट्याला आग आली ते घामाघूम, बाकीची बसून. संघप्रियानं पानं मोजून वाटणी केली नाही, भूक बघून केली. पंधरवड्याचं काम दोन दिवसांवर आलं. आमचा मालक ऋतुराज इंगवले याला इतका आनंद झाला की त्यानं खालच्या पंपवाल्यालासुद्धा पेढे दिले.

आणि आता ते काम पुन्हा बैलगाडीच्या चालीनं चाललं होतं. जयसिंगपूरकडच्या बाबासो चौगुल्यांच्या गुऱ्हाळाचं नवं चुलवाण होतं. सोमवारी गवंडी येणार होते. गुरुवारी लावलेली शेवटची तपासणी शनिवारी सकाळी संपत आलेली असायला हवी होती. ती जेमतेम पाव झाली होती.

ऋतुराज बराच वेळ पडद्यासमोर उभा राहिला. मग त्यानं संघप्रियाला हाक मारली आणि आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "तू आम्हाला दाखवलेला वेग खरा होता का? का उत्तरं आधीच काढून ठेवली होतीस, आणि त्या दिवशी नुसती वाचून दाखवलीस?"

ती पांढरीफटक पडली. खरा होता सर, एवढंच म्हणाली.

"मग आज काय झालं ते संध्याकाळपर्यंत सांग. न्हाय जमलं तर सोमवारपासून येऊ नकोस. विद्यापीठात तुझ्या गाइडनाही मी कळवणार."

कोपऱ्यात बसलेला कृष्णात पोवार खुर्चीतून अर्धा उठला, आणि परत बसला.

२

माझी खाला, म्हणजे मावशी, फातिमा मुल्ला, जयसिंगपुरात राहते. आयुष्यभर तिनं कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षा घेतल्या. मुलांनी घरी बसून रचलेली रीडिंग ती वासावर ओळखायची. तिच्या परीक्षेला बसून धडधाकट बाहेर आलेला माणूस शिरोळ तालुक्यात विरळा. तिच्या हाती सापडलेल्यांतलाच एक आमचा ऋतुराज, हे मला माहीत होतं म्हणूनच मी तिला फोन केला.

ती एस.टी.नं आली, जिना चढून वर आली, आणि दारात तिला बघताच ऋतुराज नकळत ताठ उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही?"

"बस. तुझी रीडिंग अजून सरळ रेषेत येतात का?"

तो ओशाळून हसला. त्या सकाळी ऑफिसात कोणी हसल्याचा तो पहिला आवाज होता.

खालानं सगळं ऐकून घेतलं. संघप्रियानं वेग कसा वाढवला हे तिनं दोनदा समजावून घेतलं आणि पैलवानांच्या पंगतीवर खूश झाली. मग विचारलं, या कामात हात घालू शकणारे किती जण? मी सांगितलं, तिघं. संघप्रिया, जिचा हा प्रोग्राम. काशिफ, जो यंत्रं सांभाळतो. आणि कृष्णात, ज्याचा जुना प्रोग्राम संघप्रियाच्या प्रोग्रामनं अडगळीत टाकला. कृष्णातनं सहा वर्षं खपून तो लिहिला होता. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलायचा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर संघप्रियानं कामासाठी आणलेली खऱ्या चुलवाणाची फिल्म लागली की तोंड फिरवायचा. मी स्वतः कितीदा तरी पाहिलं होतं.

कोण कधी काय बदलतं त्याची नोंद असेल ना, असं खालानं विचारलं, तेव्हा ऋतुराजनं मान खाली घातली. आमचं ऑफिस म्हणजे एक घर, असं त्याचं म्हणणं. घरात कोणी आपापल्या नावाची कुलपं लावत नाही, म्हणून सगळे एकाच नावानं आणि एकाच पासवर्डनं काम करतात. तो पासवर्ड पंख्याच्या बटणाशेजारी चिकटवलेला आहे.

"घर आहे खरं," खाला म्हणाली. "दार नसलेलं."

मग तिनं संघप्रियाला जुनी तपासणी, जी पेढ्यांच्या दिवशी दाखवली होती, ती परत लावायला सांगितली. पण तशीच नाही. आत जाणाऱ्या हवेचा आकडा खालानं स्वतःच्या मनानं बदलला, आणि तो किती केला ते कुणाला कळू न देता स्वतः टाइप केला. आम्ही बघत राहिलो. काम झरझर पुढं सरकलं. ऋतुराज वाकून वाकून बघत होता.

खाला म्हणाली, "साठवलेलं उत्तर असतं तर नव्या प्रश्नाला अडलं असतं. पोरीचा वेग खरा आहे. प्रोग्राम ठीक आहे आणि यंत्रंही ठीक आहेत. ऋतुराज, तुझ्या ऑफिसातून काही चोरीला गेलेलं नाही."

"मग हे काम का रखडलंय?"

"कारण कुणीतरी त्यात काहीतरी ठेवलंय."

३

संशय आला की माणसाची चाल बदलते. चहा आला तेव्हा तिघंही तीन कोपऱ्यांत उभे होते, आणि एरवी एका बशीत बिस्किटं बुडवणारी ही माणसं एकमेकांच्या कपाकडंसुद्धा बघत नव्हती.

खालानं आधी काशिफला बोलावलं. दोन प्रश्नांत तो कोलमडला. कबनूरला त्याच्या भावाचे यंत्रमाग आहेत. नव्या साडीच्या काठाची डिझाइनं तो आमच्या यंत्रावर करून द्यायचा. पण ते दिवाळीआधी, आणि एका बाजूच्या यंत्रावर. अल्लाकसम, या कामाला हात लावला नाही म्हणाला. खालानं विचारलं, काठ कसला? मोराचा, तो म्हणाला. चांगला झालाय का? त्यानं मोबाइलवर दाखवला. खाला खरंच थोडा वेळ त्या काठात रमली आणि मग त्याला जायला सांगितलं. ऋतुराजच्या कपाळावर आठी आली, पण मॅडमसमोर बोलायची त्याची टाप नव्हती.

संघप्रियाला तिनं फक्त चहा प्यायला लावला. पोरीनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. आजवरचं सगळं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालंय, माझ्या नावाला एकदा खोटेपणाचा डाग लागला की पुढं कुणी दारात उभं करणार नाही, असं ती म्हणाली. रडली मात्र नाही.

कृष्णातशी खाला पडद्यासमोरच बोलली. मागं फिल्म चालू होती. त्याच्या गावाची, शेतीची चौकशी झाली. तो पंचगंगेकाठच्या गावचा, जिथं दर चार शेतांमागं एक गुऱ्हाळ. बोलता बोलता फिल्ममध्ये चुलवाणाच्या तोंडातून चिपाड आत पडलं आणि कृष्णातनं मान डावीकडं वळवली. रस काढून उरलेल्या उसाच्या चोयट्या वाळवून जे जळण होतं ते हे चिपाड. पुन्हा पडलं, पुन्हा वळवली. मला वाटलं, बघा, अजून बघवत नाही याला.  खालानं फिल्म बंद केली आणि त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

मग ती रखडलेल्या कामाकडं वळली. ऋतुराजनं आगीचं चित्र लावलं.

"आग नको. जाळी दाखव."

"जाळी कोण बघतं मॅडम?"

"पेपर तपासताना मी उत्तर शेवटी बघायची. खाडाखोड कुठं आहे ते आधी. जाळी जिथं बारीक झाली तिथं काहीतरी घडलंय."

जाळी आली. चुलवाणाच्या पोटात ती बारीक होती, ते ठरल्याप्रमाणंच. पण चुलवाणाच्या तोंडाशी, जिथं नुसती गार हवा आत यायला हवी, तिथंही जाळी एकदम बारीक झाली. थोड्या वेळानं विरळ झाली. परत बारीक झाली. मध्येच बराच वेळ थांबली आणि मग सलग तीनदा झाली.

संघप्रिया खुर्चीच्या कडेवर आली. "तिथं ज्वाला आहे," ती हळूच म्हणाली. "तोंडाच्या बाहेर."

खालानं चष्मा काढून पुसला. "आता मला कळलं कुणी केलं. आणि का केलं, तेही कळलं असं वाटतंय. कृष्णात, तुम्ही सांगता का मी सांगू?"

४

कृष्णातनं मान हलवली, तुम्हीच सांगा म्हणून.

खाला ऋतुराजकडं वळली. "चिपाड किती जाळायचं, हा आकडा तू तपासलास?"

"तपासला की. दिल्याप्रमाणंच हाय. एका तासाला जेवढं ठरलं तेवढंच."

"एकूण तेवढंच. पण तू ते कसं टाकलं होतंस? नळाच्या धारेसारखं, एकसारखं. सरळ रेषा! तुझ्या रेषा सरळ आल्या की मला झोप येत नाही. चुलवाणात जाळ माणूस घालतो. दोन्ही हातांत मावेल तेवढा घास टाकतो, जरा थांबतो, परत टाकतो. काहिलीत रस उतू यायला लागला की हात आखडतो, जाळ बसला की भराभर टाकतो. कुणीतरी तुझी धार काढून तिथं घास ठेवले. एकूण बेरीज तीच ठेवली, म्हणून तुला काही दिसलं नाही."

"पण कृष्णातच कशावरून?"

तेही तिनं उलगडलं. वेगाचा ज्याला राग असता त्यानं प्रोग्राम बिघडवला असता. प्रोग्राम शाबूत होता, म्हणजे हे रागानं केलेलं नाही. घासांमधली अंतरं मनाला येतील तशी नव्हती, जाळ घालणाऱ्याच्या हाताची होती. ती कबनूरच्या मागावर शिकता येत नाहीत आणि शहरात वाढलेल्या संघप्रियालाही माहीत असायचं कारण नाही.

"आणि फिल्ममध्ये चिपाड पडलं की कृष्णात तोंड फिरवतात. शहजादला वाटलं हेवा आहे. हेवा असता तर सगळ्या फिल्मवर असता. ते फक्त घास पडताना वळतात, आणि दर वेळी डावीकडंच. चुलवाणासमोर उभं राहिलेला माणूस तसा वळतो. घास पडला की धूर तोंडावर येतो."

 मग कृष्णात बोलला, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच इतकं सलग बोलला.

"आई जाळ घालायची. मी पाठीशी उभा असायचो. ती तोंड फिरवायची, मग मीबी फिरवायचो. अजून फिरतंय, माझ्या हातात न्हाय ते." त्यानं ऋतुराजकडं बघितलं. "मी मागं म्हणालो हुतो, चिपाड असं धारेनं पडत न्हाय. तुम्ही म्हणालात, तुझं जुनं गेलं म्हणून नव्यात खोट काढू नको."

ऋतुराज तसं म्हणाला होता खरा. आम्ही सगळे तिथंच होतो.

"म्हणून गुपचूप घातलं. वाटलं, दोन दिवसांत उत्तर येईल, मग दाखवीन. हिचा प्रोग्राम अडकंल हे डोक्यातच आलं न्हाय. सकाळी उठलो बोलायला. पण बोललो असतो तर तुम्ही काम तिथंच बंद पाडलं असतं. एका घासावर कुणी इस्वास ठेवला असता? अजून थोडे घास पडू देत म्हटलं, दुपारी सांगू." तो संघप्रियाकडं वळला, पण तिच्याकडं बघू शकला नाही. "तुझ्यावर आलंय हे दिसत हुतं, तरी गप बसलो. माझं चुकलं."

आता ही पोर याला फाडून खाणार, असं मला वाटलं, आणि खाल्लं असतं तर मी तिच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

पण ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ती जाळीकडंच बघत होती.

"दादा, आग चालतीय," ती म्हणाली. "मी धरलं होतं, आग एका जागी बसून राहणार. म्हणून कामाची वाटणी सुरुवातीला एकदाच केली. पैलवान पंगतीत जागा बदलतायत, आणि माझे वाढपी जुन्याच जागी उभे आहेत. अशी आग तुम्ही दाखवली नसती तर मला हे कधीच कळलं नसतं."

तिनं खुर्ची ओढली. कृष्णातची खुर्चीही शेजारी ओढली. आग हलली की वाटणी नव्यानं करायची, हे उघड होतं. पण वाटणी करण्यातही वेळ जातो, दर घासाला केली तर कमावलेलं सगळं तिथंच जाईल. तेव्हा कृष्णातनं त्याच्या अडगळीतल्या प्रोग्राममधला एक भाग काढला. सगळ्यात दमलेलं यंत्र आणि सगळ्यात रिकामं यंत्र यांच्यातलं अंतर मोजत राहायचं, आणि ते फार वाढलं तरच वाटणी बदलायची. त्याची सहा वर्षं कामाला आली. काशिफनं यंत्रं मोकळी केली, मोराचा काठसुद्धा पुसला. खाला त्या तिघांच्या मागं उभी राहून, कळत नव्हतं ते निर्लज्जपणे विचारत होती.

चहाची तिसरी फेरी झाली तेव्हा काम थांबल्या ठिकाणाहून पुढं सुरू झालं. आकडे पळायला लागले. मी टाळी वाजवली. कुणीच साथ दिली नाही, कारण सगळे तोंडाशी काय होतंय ते बघत होते.

दर घासाला ज्वाला उलटून तोंडाबाहेर येत होती. तिच्यासोबत अर्धवट जळलेला विषारी वायू यायचा, आणि तो बरोबर त्या उंचीवर येत होता जिथं बसलेल्या माणसाचं नाक असतं. एकसारख्या धारेत हा वायू कुठंच दिसला नव्हता. नवं चुलवाण जाळ जास्त ओढतं म्हणून आम्ही ते बाबासोंना मोठ्या तोंडाचं सुचवलं होतं. सोमवारी ते तसंच बांधलं गेलं असतं.

५

फोन लावताना ऋतुराजनं तो स्पीकरवर ठेवला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गवंड्यांना आठ दिवस थांबवा, असं त्यानं बाबासोंना सांगितलं. तोंडाचा आकार बदलावा लागेल, वर उतरती झडप लागेल, आम्ही नवा नकाशा देतो. का, ते सांगितलं.  मग बाबासोंनी विचारलं, "हे बघितलं कुणी?"

"आमच्या टीमनं," ऋतुराज म्हणाला. खालानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं फोन जवळ ओढला. "कृष्णात पोवारनं शंका काढली, ती मी ऐकली न्हाय. संघप्रिया शिंगेच्या कामामुळं ती इतक्या लवकर तपासता आली. जुन्या पद्धतीनं उत्तर येईस्तोवर तुमचं चुलवाण बांधून पेटलं असतं. आणि बाबासो, त्या पोरीला मी सकाळी खोटारडी म्हणालो. चूक माझी हाय. तुमच्यासमोर माफी मागतो तिची."

"द्या तिला फोन."

संघप्रिया फोनजवळ आली.

"पोरी, आमच्यात जाळ घालायला माझी चुलती बसती. झुंबरबाई. मी शाळेत होतो तवापासनं तीच बसती त्या तोंडाशी. तिचा खोकला जात न्हाय. आमी म्हणायचो, तंबाखूचा हाय." बाबासो थांबले. "ती तंबाखू खातच न्हाय गं. आमी कुणी कदी इचारलंच न्हाय. तुमचं लई उपकार झालं बघ."

दिवसभर कोरडी राहिलेली संघप्रिया रडायला लागली. तिला बोलता येईना, म्हणून तिनं फोन कृष्णातसमोर सरकवला आणि खुणेनं सांगितलं, तुम्ही बोला. मलाही भरून आलं होतं. खालाचे, त्या पोरीचे, अगदी ऋतुराजचेसुद्धा आभार मानावेत असं वाटत होतं, आणि मी चहाचे कप गोळा करत होतो.

कृष्णातनं फोन दोन्ही हातांत धरला.

"दादा, मी पोवार. जुनं चुलवाण चालूच असंल न्हवं? झडप व्हईपतुर काकींना जाळापाशी बसवू नका."

"न्हाय बसवत," बाबासो म्हणाले. "उद्यापासनं मी बसतो."